आठवडा बाजारातून का घ्यायचं? कोकणातल्या बाजारांचा धागा

परडेवाली_कुडाळ

नमस्कार मंडळी. आमच्याकडे सावंतवाडीला मंगळवारचा बाजार, कुडाळला बुधवारचा, मालवणात सोमवारचा, आणि बांदा-सावंतवाडीकडचे बरेच जण शुक्रवारी म्हापशाला पण जातात. एवढं सगळं हाताशी असताना आता कितीतरी घरात आठवड्याची भाजी सुपरमार्केटातून नाहीतर ॲपवरून यायला लागली आहे, आणि बाजारात गेलंच तर पहिल्या रांगेतल्या मोठ्या दुकानावरून टोमॅटो-फ्लॉवर उचलून परत. म्हणून हा धागा काढतेय, तुमच्या गावच्या बाजारात काय चांगलं मिळतं, कोणाकडून घ्यावं, सगळं लिहा.

माझं म्हणणं आधीच सांगते. ताजं असतं, स्वस्त पडतं, हे फायदे आहेतच, पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की बाजारात आपण जे विकत घेतो तेच पुढच्या वर्षी परड्यात, म्हणजे घरामागच्या जागेत, लावलं जातं. भातकापणी झाली की मळ्यात लाल भाजी, मुळा, वाली, चवळी, मिरची घालणाऱ्या बायका अजून गावोगावी आहेत. त्यांचं बी दुकानातलं नसतं, घरचंच असतं, चांगली शेंग झाडावरच वाळू द्यायची, दाणे राखेत घोळवून बाटलीत भरून ठेवायचे. फेब्रुवारीत एक आजी वालीच्या जुड्या घेऊन बसलेली, अकरा वाजून गेले तरी अर्ध्या तशाच होत्या, मला म्हणाली, "कोण घेऊकच नाय गो बाय, फुडल्या वर्षी लावचंय नाय." आता ती खरंच लावायची थांबली तर ते बी तिथेच संपलं, कारण ते कुठल्या कंपनीकडे पाकिटात मिळत नाही. त्या वालीची भाजी खोबरं घालून ज्यांनी खाल्लीय त्यांना कळेल मी काय म्हणतेय ते.

साधासरळ_रत्नागिरी

धागा चांगला आहे पण थोडं वेगळं बोलतो, रागावू नका. आठवडा बाजार म्हणजे शेतकरी हे समीकरण आता बरोबर नाही. आमच्याकडे बाजारात बसणारे निम्म्याहून जास्त व्यापारीच असतात असं मला दिसतं, माल घाटावरून ट्रकने येतो, पहाटे उतरतो, आणि तोच माल रोजच्या दुकानात पण असतो. मग मी उन्हात घाम गाळत पार्किंग शोधत तिथे जाऊन नक्की काय वेगळं घेतलं? आणि गावठी म्हणून जे विकतात त्याचा भाव बघा, गावठी काकडी, गावठी अंडी, नुसतं गावठी म्हटलं की दर वाढला. फायदे सांगताना हे पण सांगायला हवं.

परडेवाली_कुडाळ

>> माल घाटावरून ट्रकने येतो

हे अगदी खरं आहे. सिंधुदुर्गातली रोजची बरीचशी भाजी कोल्हापूर-बेळगावकडून येते, आंबोली, फोंडा, गगनबावडा ह्या घाटांनी. पावसात दरड कोसळून घाट बंद झाला की दोन दिवसात कोथिंबिरीचा भाव कुठे जातो ते सगळे बघतातच. घाटावरच्या शेतकऱ्याबद्दल माझी काही तक्रार नाही, कांदा बटाटा कोबी आपल्याकडे पिकत नाही तो त्यांच्याकडूनच येणार. पण जे आपल्याकडे पिकतं ते तरी आपल्या माणसाकडून घ्या एवढंच माझं मागणं. आणि व्यापारी कोण, शेतकरी कोण हे ओळखता येतं, त्याबद्दल कोणीतरी बाजारात बसणाऱ्यानेच लिहिलं तर बरं.

मळेकार

मी लिहितो. आमची आई आणि काकी बाजारात बसतात, मी सकाळी गाडीवरून ओझी पोचवतो, त्यामुळे हे रोजचं बघण्यातलं आहे.

पहिलं म्हणजे बाजाराच्या मधोमध जागा मिळते ती कायम बसणाऱ्यांना, आमच्या बायका कडेला असतात, रस्त्याच्या वळणावर, देवळाच्या पायरीशी, बंद दुकानाच्या ओटीवर. तिथपर्यंत चालत जा. दुसरं, त्यांच्यासमोर एकाच वस्तूचा ढीग कधीच नसतो. दहा नारळ, चार जुड्या लाल भाजी, एक भोपळा, थोड्या मिरच्या, एका पानावर आठ-दहा लिंबं, दोन केळफुलं, पिशवीत कुळीथ, असा पाचसहा जिन्नसांचा पसारा दिसला की समजा परड्यातलं आहे, कारण परड्यात तसंच पिकतं, थोडं थोडं सगळं. क्रेट नसते. जुड्या रबराने नाही तर केळीच्या सोपटाने बांधलेल्या असतात. सगळी भेंडी एका मापाची नसते. वजनकाटा बऱ्याच जणींकडे नसतोच, वाटा लावलेला असतो, ह्यो वाटो वीसाक, संपलं. आणि विचारा, कधी काढलंत, कुठल्या वाडीतलं, लावलंत कधी? जिने स्वतः लावलंय ती तुम्हाला पाण्यापासून सगळं सांगेल, थांबायची नाही.

भावाबद्दल. माझी आई पहाटे उठून खुडते, सहाची एसटी धरते. २०२३ च्या मार्चपासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं त्याचा आमच्या वाडीतल्या बाजारकरणींना खूप उपयोग झाला, आधी भाड्यातच जायचे पैसे. त्यावर जागेची पट्टी वेगळी. एवढं करून दुपारी परत येते तेव्हा हातात जे राहतं ते सगळं तिचं असतं, मध्ये दलाल नाही, हमाली नाही, तोलाई नाही. तेच नारळ आम्ही गावात फिरणाऱ्या व्यापाऱ्याला दिले तर त्याने सांगितला तोच भाव. म्हणून वीसच्या वाट्याचे पंधरा करून मागू नका राव. जास्त घेतलंत तर ती आपणहून वर मूठभर घालते, मागायला पण लागत नाही.

आगळ_सरबत

@मळेकार खूप छान लिहिलंत, शेवटच्या ओळीशी हजारदा सहमत.

ह्यात कायद्याची एक गोष्ट जोडते, बऱ्याच लोकांना माहीत नसते. महाराष्ट्रात फळं आणि भाजीपाला २०१६ मध्ये बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला, म्हणजे शेतकऱ्याने बाजार समितीच्या आवाराबाहेर थेट गिऱ्हाइकाला माल विकायला अडचण राहिली नाही. आता शहरात पण शेतकऱ्यांचे आठवडे बाजार भरवतात. आपल्याकडे मात्र हे आधीपासूनच चालू आहे, फक्त आपल्याला त्याची किंमत नाही.

डोंबिवलीचा_चाकरमानी

मंडळी मी दरवर्षी मे महिन्यात गावी येतो आणि आगोटीची (पावसाळ्याआधीची) खरेदी करून परत जातो, पण खरं सांगायचं तर हायवेवरच्या दुकानातूनच घेतो कारण गाडी थांबवणं सोपं. हा धागा वाचून ह्यावेळी सावंतवाडीच्या मंगळवारच्या बाजारातच जायचं ठरवलंय. काय काय घ्यावं, पारखून कसं घ्यावं, जाणकारांनी सांगा प्लीज. बायकोने यादी मागितलीय, कोकम, सुकी मासळी, कुळीथ एवढं तर आहेच.

आगळ_सरबत

कोकमाचं मी सांगते, आमच्या घरी दरवर्षी होतं.

आमसुलं करायची म्हणजे रातांबे (कोकमाची फळं) फोडून बिया आणि गर वेगळा काढायचा, सालं मीठ घातलेल्या त्या रसात बुडवायची, उन्हात वाळवायची, संध्याकाळी परत रसात, सकाळी परत उन्हात, असं चारपाच वेळा तरी. जितकी पुटं जास्त तितकं आमसूल काळपट, मऊ आणि आंबट. कमी पुटांचं आमसूल लालसर, कडक, चामड्यासारखं लागतं आणि आमटीत घातलं तरी रंग सोडत नाही. बाजारात घेताना एक तुकडा तोडून चघळून बघा, घरचं असेल तर ती बाई स्वतःहूनच देते. पाऊस लवकर आला की सगळ्याची वाट लागते, २०२५ ला मे महिन्यातच मान्सून दाखल झाला तेव्हा कितीतरी घरांची सोलं अर्धवट वाळलेली आत घ्यायला लागली होती. त्यामुळे मे संपायची वाट बघू नका, लवकर घ्या.

आगळ पण घ्या, म्हणजे मीठ घातलेला रस, सोलकढीला तोच. साखर घातलेलं सरबत वेगळं, दोघांत गोंधळ करू नका. आणि त्याच बायकांकडे कोकमाच्या बियांचं तेल मिळतं, मुठीएवढे पांढरट गोळे, आमच्याकडे त्याला मुठेल म्हणतात. भेगा पडलेल्या टाचांना गरम करून लावायचं, दुसरं काही लागत नाही. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते मानांकन काय आहे हे माझ्या शेजारच्या काकूंना माहीत नाही, आणि त्यांचं आमसूल माझ्या मते तालुक्यात एक नंबर.

पापलेट_नको_बांगडा

सुक्या मासळीचं माझ्याकडे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी मासेमारी बंद असते, ते दोन महिने आपण सुक्यावरच काढतो म्हणून मे मधल्या बाजारात सुकं घेणाऱ्यांची झुंबड असते आणि भाव पण त्या हिशोबात चढतात. एप्रिलमध्ये घेतलंत तर बरं पडेल.

सुकट, जवळा हातात घेऊन दाबून बघा, मोकळा राहिला पाहिजे, गोळा झाला तर ओल आहे, पावसात बुरशी धरणार. मीठ जास्त असलेला माल वजनाला जड लागतो आणि पैसे मिठाचे जातात. सोडे घेताना रंग बघा, भडक केशरी असले तर मी तरी लांबच राहतो, नीट वाळलेला सोडा फिकट गुलाबीसर असतो आणि वाकवला तर पटकन मोडतो. बोंबील वास घेऊन. विकणाऱ्या बायका बहुतेक बंदरावरच्याच असतात, मालवण, वेंगुर्ला, देवगडच्या, स्वतः वाळवलेलं विकतात, त्यांना विचारलंत की वाळूवर वाळवलं की मांडवावर, तर त्यांना कळतं की गिऱ्हाईक जाणकार आहे आणि चांगला माल आतल्या टोपलीतून बाहेर निघतो. घरी नेल्यावर अजून दोन कडक उन्हं द्या आणि मग डबा बंद करा.

साधासरळ_रत्नागिरी

ह्या माहितीबद्दल धन्यवाद, खरंच उपयोगाची आहे. मग आंब्याचं पण कोणीतरी बोला. त्यात सगळ्यात जास्त फसवणूक चालते आणि ती आठवडा बाजारात पण चालते. बाहेरच्या राज्यातला आंबा, पेटीवर देवगड छापलेलं, वर रत्नागिरीचं वर्तमानपत्र अंथरलेलं, बघणारा फसतोच.

मळेकार

आंबा आठवडा बाजारात पेटीने घेऊ नका, हे मी स्वतः बागायतदाराच्या घरचा असून सांगतो. बाजारात सुटा आंबा घ्या, रायवळ (बीपासून आलेला गावठी आंबा) घ्या, पायरी घ्या, लोणच्याच्या कैऱ्या घ्या. हापूसची पेटी बागेत जाऊन घ्या नाहीतर ओळखीच्या बागायतदाराकडून. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये मानांकन मिळालं, त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर हे पाच जिल्हे येतात, त्यामुळे ह्याच्या बाहेरचा आंबा हापूस म्हणून विकणं चूकच.

पिकवण्याचं बोलायचं तर कार्बाइडने फळं पिकवायला अन्न सुरक्षेच्या २०११ च्या नियमांनी बंदी आहे. इथिलीन वायूच्या खोल्यांना परवानगी आहे, ती वेगळी गोष्ट. आमच्याकडे अजून भाताच्या पेंढ्यात आढी घालतात, म्हणजे आंबे पेंढ्यात ठेवून पिकवतात. आढीतला आंबा सगळा एकदम पिकत नाही, एकाच डझनात दोन तयार, चार अर्धकच्चे, बाकी हिरवट असं असतं आणि गिऱ्हाइकाला वाटतं माल बरोबर नाही. उलट आहे. सगळी पेटी एकसारखी पिवळीधमक आणि देठाशी वास नाही, तर विचार करा.

आणि रायवळ खरंच घ्या हो. हापूसच्या नादात गावागावातली रायवळाची जुनी झाडं तुटून गेली, प्रत्येक झाडाची चव वेगळी, कलम नाही त्यामुळे झाड गेलं की ती चव गेली. बिटकीचं (छोट्या रायवळ आंब्याचं) सांबारं करणारी घरं उरलीत किती? टोपलीभर रायवळ विकून चार पैसे आले तर झाड ठेवावंसं वाटतं, नाही तर लाकूडवाला दारात उभाच असतो.

परडेवाली_कुडाळ

@मळेकार हेच ते. मी वालीबद्दल म्हटलं तेच तुम्ही रायवळाबद्दल म्हणताय. तांदळाचं पण तसंच आहे, वालय, मुणगा, सोरटी ही नावं आमच्या पोरांना माहीत पण नाहीत. बाजारात एखादीकडे वालयचे उकडे तांदूळ मिळतात, लाल, टपोरे, त्याची पेज आणि बरोबर भाजलेला सुका बांगडा, त्यापुढे काही नाही. पण किलोला दुकानातल्या तांदळापेक्षा महाग म्हणून लोक पुढे जातात. अहो त्याचं पीक उताऱ्याला कमी आहे, मळणी-उकडणं-वाळवणं घरी, महाग असणारच ना.

अलिबागची_पोर

आमच्या उत्तर कोकणाला विसरलात की काय सगळे 🙂

इकडे आत्ता पांढऱ्या कांद्याच्या माळा घेऊन ठेवायची वेळ आहे. कार्ले, खंडाळेकडचा कांदा, तिखटपणा अगदी कमी, नुसता भाकरीबरोबर खाता येतो, माळेत टांगून ठेवला तर पावसाळा निघतो. ह्याला पण मानांकन आहे. पण हायवेला गोणीतला कुठलाही पांढरा कांदा अलिबागचा म्हणून विकतात, खरा बहुतेक करून वेणी घातलेल्या माळेतच असतो, आणि त्या वेण्या घालणं हे बायकांचं काम, बघत बसावं इतकं सुबक.

आणि पाऊस सुरू झाला की शेवळं ही रानभाजी. पेण, कर्जतकडे कातकरी, ठाकर बायका जंगलातून काढून आणतात, आणि शेवळांबरोबर काकडांची हिरवी फळं पण तिथेच विकायला असतात कारण काकडं घातली नाहीत तर शेवळं घशाला खाजतात. ज्यांना माहीत नाही ते नुसती शेवळं घेऊन जायला निघतात तर ती बाईच हाक मारून परत बोलावते आणि काकडं हातात देते, कशी चिरायची, कुठला भाग टाकायचा ते पण सांगते. हे ज्ञान कुठल्या ॲपवर आहे? टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, सगळं तसंच. रानभाज्या अनोळखी असतील तर स्वतः जाऊन तोडू नका, ह्या बायकांकडूनच घ्या, त्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे काय खायचं आणि काय नाही. अळंब्यांच्या बाबतीत तर नक्कीच.

पापलेट_नको_बांगडा

अळंबी +१. वारुळावर येणारी ही अळंबी शेतात लावता येत नाही, मिळाली तर मिळाली. श्रावणाच्या आसपास पानात बांधून मोजून विकतात, सकाळी सातला गेलात तर मिळते, नऊला फक्त पानं.

डोंबिवलीचा_चाकरमानी

एक अडाण्यासारखं विचारतो, ओले काजूगर एवढे महाग का असतात? मागे शंभराच्या हिशोबाने घेतले होते, मटणापेक्षा महाग पडले.

मळेकार

कारण ओली बी फोडणं हे खूप वाईट काम आहे. सालीत जे तेल असतं ते हाताला लागलं की कातडी भाजून निघते. आई हाताला खोबरेल तेल लावून, राख चोळून बसते तरी फेब्रुवारी-मार्चमध्ये तिची बोटं काळी पडलेली असतात आणि टोकाची कातडी सोललेली. एकेक बी विळ्यावर चिरायची, गर अख्खा काढायचा, तुटला की भाव गेला, मग गरम पाण्यात घालून वरचं साल काढायचं. शंभर गर काढायला किती वेळ लागत असेल विचार करा. म्हणून शेकड्याने विकतात आणि म्हणून त्या भावात घासाघीस करू नये असं मला मनापासून वाटतं.

आगळ_सरबत

हे वाचून अंगावर काटा आला. पुढच्या वेळी बोलणार नाही एक शब्द भावाबद्दल.

चाकरमानी भाऊ, यादीत नाचणी पण घाला. शंभर ग्रॅम नाचणीत तीनशे मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं, लहान मुलं आणि वयस्कर माणसं घरात असतील तर आंबील, सत्त्व, भाकरी कशातही चालते. २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून जगभर साजरं झालं आणि शहरात नाचणीचे बिस्किटांचे पुडे आले, पण डोंगरउतारावर वरी-नाचणी लावणारा माणूस पायलीने विकतो त्याच्याकडून घेणारे आपणच हवेत. आणि जाताना कापडी पिशव्या, सुकं आणि ओलं वेगळं ठेवायला दोन तरी, आणि सुट्टे पैसे. क्यूआर कोड आता बऱ्याच जणींकडे आहे पण आज्यांकडे नसतो, आणि दहावीसच्या नोटा नसल्या की त्यांचंच गिऱ्हाईक तुटतं.

साधासरळ_रत्नागिरी

मी सुरुवातीला जे लिहिलं ते मागे घेत नाही, व्यापारी आहेतच. पण कडेला बसणाऱ्या बायकांकडे आम्ही बघतच नव्हतो हे खरं. ह्या शनिवारी बाजारात आधी मागच्या बाजूने शिरलो, तांबड्या माठाच्या जुड्या, पडवळाची रोपं, आणि एका बाईकडे सुरण आणि कणगी (रताळ्यासारखा कंद) मिळाली, कणगी लहानपणी खाल्ली होती त्यानंतर आत्ताच. भाव दुकानापेक्षा कमीच पडला म्हणायचा. मला एक सांगा, मागच्या अंगणात थोडी जागा आहे, तवशाचं (मोठ्या काकडीचं) आणि चिबडाचं गावठी बी कुठे मिळेल? दुकानातलं पाकीट लावून बघितलं, वेल आला पण ती चव नाही.

परडेवाली_कुडाळ

मिळेल, आणि हीच वेळ आहे. मे अखेरच्या बाजारांत काही बायका भाजीबरोबर बी घेऊन बसतात, छोट्या पुड्या बांधलेल्या, तवसं, चिबूड, पडवळ, दोडकी, भेंडी, भोपळा. त्यांच्याकडे नुसतं बी मागू नका, कुठल्या तवशाचं ते विचारा, लांब हिरवं की पिवळं पडणारं मोठं, कारण वडे-धोंडस करायला मोठं जून तवसंच लागतं. चिबूड मोकळ्या उताराच्या जागी लावा, पाणी साचलं की वेल कुजतो. तवसं मांडवावर चढवलं तर चतुर्थीला दारचं मिळेल, आणि माटवीला (गणपतीच्या वर फळं-पानं टांगतात त्या चौकटीला) बांधायला पण होईल. बी मृगाच्या पहिल्या पावसात टाका, चार दाणे एका आळ्यात, दोन ठेवायचे, आणि एक चांगलं फळ वेलावरच पिकू द्या बियाण्यासाठी.

तिकडे नाहीच मिळालं तर मला विपू (विचारपूस, म्हणजे खाजगी निरोप) करा, बुधवारी आमच्या बाजारात घेऊन पोस्टाने पाठवते. ज्यांना वालीचं हवं असेल त्यांनी दिवाळीनंतर आठवण करा, त्या आजीकडचं मी ह्या वर्षी सगळं घेऊन ठेवलंय.